नेव्हिलचं पेट्रोल

जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, ओमाकाऊच्या खोऱ्यात वाळत घातलेले टॉवेल दोरीवरून पाटासारखे उचलून आणावे लागतात. अशा थंडीत ग्लेनिस टॅम्ब्लिन हीटर न लावता गाडी चालवायची. डोक्याला नवऱ्याची लोकरी टोपी, गळ्यापर्यंत ब्लँकेट, मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि आतून धुरकटलेली काच पुसायला हाताशी एक जुना बनियन. गाडीला हीटर नव्हता असं नाही. चांगला होता, बिघडलेलाही नव्हता.

गावाला हे ठाऊक होतं, कारण गावाला सगळंच ठाऊक असतं. आमच्या खोऱ्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायची पद्धत आहे. ओळख असो नसो, बोट उचलायचं. जो उचलत नाही तो शहरातला समजायचा. त्या हिवाळ्यात ग्लेनिसला बोट उचलून जाणाऱ्यांना तिच्या काचेमागं नुसता एक हातमोजा हललेला दिसे, आणि पुढं जाऊन ते हसत. कुणी म्हणे म्हातारी चिक्कू झालीय. कुणी म्हणे नेव्हिल गेल्यापासून डोक्यात जरा फरक पडलाय. दोन्ही साफ खोटं. हीटर लावला की एरवी विजेवर चालणाऱ्या त्या गाडीचं इंजिन सुरू होई, इंजिन सुरू झालं की पेट्रोल जळे, आणि टाकीतलं पेट्रोल नेव्हिलनं मरायच्या आधल्या दिवशी भरलेलं होतं. एवढंच कारण होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

नेव्हिल टॅम्ब्लिनचा सगळा जन्म डिझेलच्या धुरात गेलेला. खडीचे रस्ते खरवडून सपाट करणारं ते भलंमोठं पिवळं यंत्र असतं ना, त्यावर तो अडतीस वर्षं बसला. अंगाला डिझेलचा वास इतका मुरलेला की कुत्रीसुद्धा त्याला वासावरून लांबूनच ओळखायची. आणि असल्या माणसानं निवृत्त झाल्यावर काय करावं, तर भिंतीला प्लग लावायची गाडी घेतली. जपानहून आलेली, जुनी. आमच्याकडं निम्म्या गाड्या अशाच तिकडं वापरून झालेल्या येतात आणि येताना आपली भाषा बरोबर घेऊन येतात. पडद्यावरची अक्षरं जपानी, बोलणारी बाई जपानी. गाडी सुरू केली की ती बाई रोज मंजुळ आवाजात काहीतरी म्हणायची. नेव्हिलनं तिचं नाव मिचिको ठेवलं होतं. ती काय म्हणते हे त्याला कधीच कळलं नाही, पण तो न चुकता उत्तर द्यायचा, "तुलाही, राणी."

"मला कधी म्हणालास का राणी?" ग्लेनिस विचारायची.

"तू कधी इतक्या गोड आवाजात बोललीस का?"

गावच्या हॉलमध्ये काही कार्यक्रम असला की बायकांनी घरून एकेक पदार्थ आणायचा, पुरुषांनी खुर्च्या मांडायच्या आणि नेव्हिलनं गाड्यांचं सांगायचं, असा रिवाजच पडून गेला. कुणी विचारो न विचारो. हातात सॉसेज रोल घेऊन तो सुरू व्हायचा.

"साधी हायब्रिड म्हणजे आपला फर्ग," तो शेजाऱ्याकडं मान उडवून म्हणायचा. "याला घरचं जेवण नाहीच. जे काय खायचं ते पंपावर, पेट्रोल. पण माणूस काटकसरी. ब्रेक दाबला की दुसऱ्या गाड्यांचं जे वाया जातं ते हा गोळा करून छोट्या बॅटरीत ठेवतो आणि पुढच्या चढाला काढतो. प्लग बिग काही नाही त्याला. पेट्रोल कमी पितो, पण पितो पेट्रोलच."

"मला चिक्कू म्हणतोस होय रे?" फर्ग म्हणायचा.

"गाडीला म्हणतोय. आता माझी ही प्लग-इन हायब्रिड. ही म्हणजे मी स्वतः. रात्रभर घरी भिंतीशी बसून पोटभर जेवायचं, त्यावर चाळीस किलोमीटर निघतात. तेवढ्यात घरी आलो तर पेट्रोलचा थेंब लागत नाही. लांब गेलो की घरचं संपलं, मग इंजिन लावायचं आणि बाहेरचं खायचं. पोटं दोन, दोन्ही चालू."

"आणि नुसती इलेक्ट्रिक?"

"ती आमची ग्लेनिस. बाहेरच्या घासाला शिवायची नाही. इंजिन नाही, टाकी नाही, धूर नाही. पोट माझ्यापेक्षा कितीतरी मोठं, चांगली लांब जाते. पण निघायच्या आधी विचार करायचा, पुढचं जेवण कुठं मिळणार? आणि थंडीत भूक वाढते ते वेगळंच."

सगळे हसायचे. ग्लेनिस चहाच्या पिंपापाशी उभी राहून डोळे फिरवायची. हे भाषण तिनं पन्नास वेळा तरी ऐकलं असेल, पण लक्ष देऊन एकदाही नाही. गाडी त्याचं खातं होतं.

पंपावर जायचं नाही हा नेव्हिलचा मोठा अभिमान. टाकीत तळाला थोडं असू द्यायचं, अडीअडचणीला. पंप हेमीच्या गॅरेजसमोर होता आणि हेमी त्याला येता-जाता टोमणे मारायचा, की तुमच्यामुळं माझी मुलं उपाशी राहणार. मग गेल्या सप्टेंबरात एक गोष्ट घडली. ग्लेनिसची थोरली बहीण शोना पार दक्षिण टोकाला, समुद्राकाठी रिव्हर्टनला एकटी राहते. तिच्या डोळ्यांना दुखणं लागलं. असलं दुखणं की नजरेच्या मधलंच पुसत जातं आणि कडा तेवढ्या राहतात. शोनानं फोन केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "ग्लेनिस, मला तुझं तोंड बघायचंय. दिसतंय तोवर ये."

शोना आणि नेव्हिल यांचं कधी पटलं नव्हतं. लग्नाच्या दिवशीच शोना म्हणाली होती, की हा माणूस जगाचे रस्ते सपाट करेल, पण तुला त्यावरून कुठं नेणार नाही. आणि खोटं कशाला बोला, तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. रिव्हर्टनचं नाव निघालं की नेव्हिलची पाठ धरायची. ग्लेनिस बसनं जायची, एकटीच. त्या दिवशी मात्र त्यानं फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, गाडी घेऊन बाहेर पडला आणि परत येऊन म्हणाला, "टाकी गळ्यापर्यंत भरलीय. शनिवारी निघू. जाऊन-येऊन पुरेल."

ग्लेनिस इतकी चकित झाली की तिला चांगलं काही बोलायलाही सुचलं नाही. "पाठ?" एवढंच ती म्हणाली.

"पाठ बरोबर घेऊ," तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी कुंपणाचा खुंट ठोकता ठोकता तो खाली बसला, तो परत उठलाच नाही.

शोनाला अंत्यविधीला येता आलं नाही. त्याच आठवड्यात डोळ्यात इंजेक्शनं होती. लोक आले, केक आणले, कपबशा विसळून ठेवल्या आणि गेले. ग्लेनिसनं त्याचे कपडे देऊन टाकले. बूट दिले, हत्यारं फर्गला दिली. तिचं मन एवढ्या तेवढ्यानं अडकणारं नाही. पण पंधराएक दिवसांनी ती पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा पेट्रोलचा काटा वर टोकाला टेकलेला दिसला, आणि तिचा जीव त्यात अडकला तो अडकलाच. नेव्हिलनं तिच्यासाठी केलेली शेवटची गोष्ट त्या टाकीत होती. ती न जाळता गाडी चालत होती. मग जाळायची कशाला?

आता त्याचं ते भाषण तिला शब्द न् शब्द कामाला आलं. घरचं जेवण चाळीस किलोमीटरचं, म्हणून चाळीसच्या आत सगळं आटपायचं. रोज संध्याकाळी वायर लावायची. चढाला जोरात पाय द्यायचा नाही, दिला की इंजिन मदतीला धावतं. दुकान, ओफिरचं पोस्ट, चर्च आणि दफनभूमी, हे सगळं आत बसायचं. अलेक्झांड्रा शहर बसायचं नाही; जाताना पोचली असती, येताना नाही. म्हणून केस कापायला जाणं बंद झालं, लायब्ररी बंद झाली, शुक्रवारचा पत्त्यांचा डाव बंद झाला. उन्हाळा निभावला. मे महिन्यात थंडी सुरू झाली तशी ती चाळीसची तीस झाली आणि हीटरही सोडावा लागला, कारण या गाडीच्या हीटरला ऊब इंजिनाकडूनच मिळते. नेव्हिल तिला इलेक्ट्रिक म्हणायचा ते गमतीनं. आता ती खरोखरच तशी झाली होती, आणि तीही छोट्या पोटाची.

एकटेपणा म्हणजे काय, हे तिला आधी वाटायचं की रडू येणं असेल. तसं नसतं. सिंकपाशी उभ्या उभ्या टोस्ट खाऊन टाकणं म्हणजे एकटेपणा. चहा दोन कपांचा करून एक ओतून देणं, आणि काही दिवसांनी एकाचाच करायला शिकणं. सकाळी कुणाशी पहिला शब्द बोललो हे आठवू गेलं तर ती गाडी निघावी. मिचिको तिला न समजणारं काहीतरी गोडीनं सांगायची, आणि ग्लेनिस टोपी कानांवर ओढत म्हणायची, "तुलाही, राणी." दुपारपर्यंत कितीदा तरी तेवढंच बोलणं झालेलं असायचं.

फर्गची बायको मर्ल चर्चबाहेर तिला गाडीच्या खिडकीशी गाठायची. मर्लचं मन चांगलं आहे, तोंडाला मात्र लगाम नाही.

"अगं ग्लेनिस, तुझं नाक बघ. बीट झालंय. विकून टाक ही गाडी आणि नीट हायब्रिड घे."

"ही हायब्रिडच आहे."

"मग प्लग कशाला लावतेस?"

"ही प्लग-इन आहे. साधीला प्लग नसतो."

"मग पुरती इलेक्ट्रिक घे. त्यात हीटर लावला तर इंजिन सुरू होत नाही."

"त्यात इंजिनच नसतं, मर्ल."

"तेच म्हणतेय मी! मग अडतंय कुठं?"

"बघू," ग्लेनिस म्हणायची आणि मांडीवरची पिशवी सारखी करायची.

शोनाचा फोन दर रविवारी यायचा. आधी ती विचारायची, कधी येतेस? ग्लेनिस म्हणायची, रस्त्यावर बर्फ आहे. पुढच्या रविवारी म्हणायची, गुडघा धरलाय. बसनं जायला हरकत नव्हती, पण बस अलेक्झांड्राहून सुटते, आणि खरं सांगायचं तर रिव्हर्टनला नेव्हिलशिवाय जायचं म्हणजे तो येणार नाही हे कबूल करायचं. ते तिला जमत नव्हतं. जूनच्या शेवटी शोनानं विचारणं सोडून दिलं. ती नुसती सांगायला लागली.

"काल टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला तोंडच नव्हतं," ती म्हणाली. "केस होते, कानातले होते. मधे नुसता धूर."

"औषध घातलंस का?"

"औषधाचं विचारू नकोस मला. तू माझ्या बापाची मुलगी आहेस ना? मग ये तरी, नाहीतर येत नाही म्हणून सांग तरी."

ग्लेनिसनं फोन ठेवला आणि गॅरेजात जाऊन गाडीची वायर लागलीय का ते बघून आली. लागलेली होती. परत येऊन ती बराच वेळ स्वयंपाकघरातला दिवा न लावता बसून राहिली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गाडीच्या पडद्यावर अधूनमधून जपानी अक्षरांच्या चौकटी येतात. त्यांचं आमच्याकडं कुणी काही करत नाही. खालचं बटण दाबलं की चौकट जाते, आणि ती गेली म्हणजे सगळं ठीक आहे असं खोऱ्यातले शहाणे लोक समजतात. जुलैच्या सुरुवातीपासून ग्लेनिसच्या पडद्यावर एक शेंदरी चौकट येत होती. ती बटण दाबायची. चौकट जायची. दुसऱ्या दिवशी परत यायची.

मग एका सकाळी, सगळ्या झाडांना पांढरा खार लागल्यासारखं दव गोठलेलं असताना, ती दफनभूमीच्या वळणावर आली आणि इंजिन आपणहून सुरू झालं. हीटर बंद, पाय हलका, बॅटरी निम्म्यावर. तरी सुरू झालं. दहा महिन्यांत तो आवाज तिनं ऐकला नव्हता. तिला आधी वाटलं मागून ट्रॅक्टर येतोय. मग पायाखाली थरथर जाणवली. तिनं रस्त्याच्या मधोमध गाडी बंद केली, थोडं थांबून परत चालू केली. मिचिको गोड बोलली, आणि तिच्यामागोमाग इंजिन. परत बंद, परत चालू. इंजिन परत हजर.

"नको ना," ग्लेनिस मोठ्यानं म्हणाली. "नको, नको."

काटा हललेला नव्हता, पण हलणार हे तिला दिसत होतं. ती तशीच हेमीच्या गॅरेजात गेली, वाटेत एकाही गाडीला बोट न उचलता.

हेमी चाळिशीचा, दांडगा, बोलायला मऊ. खोऱ्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या बायका त्याच्या आंटी. त्यानं ब्लँकेटकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं आणि मग वाकून पडद्यावरची चौकट पाहिली.

"ही चौकट कधीपासून येतेय, आंटी?"

"मी बटण दाबते. जाते ती."

"सगळेच दाबतात." त्यानं फोन पडद्यासमोर धरला. फोनला ती भाषा वाचता येत होती. त्यानं वाचलं, मान खाजवली. "हिचं म्हणणं असं की पेट्रोल फार दिवस पडून आहे. ते खपावं म्हणून इंजिन चालू ठेवलं जाईल. बिघाड काही नाही. प्लग-इन गाड्या असं करतात. लोक नुसत्या विजेवर फिरतात, पेट्रोल टाकीत जुनं होतं, मग गाडीच ठरवते की आता संपवायचं."

"गाडी कोण ठरवणारी?"

"नाहीतर वर ताजं पेट्रोल घालायचं, म्हणजे तिचं समाधान होतं. पण तुमच्या टाकीत जागाच नाही."

"मग काढून दे," ग्लेनिस म्हणाली. "डब्यांत भरून दे."

"काढतो की. आणि डब्यांचं काय करणार?"

"ठेवीन."

हेमी फडक्याला हात पुसत उभा राहिला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला. "आंटी, पेट्रोल टिकत नाही. जॅम नाही ते, बरणीत घालून फळीवर ठेवायला. आत्ताच त्याचा अर्धा जोर गेलाय. आणखी वर्षभर ठेवलंत तर त्याचा डिंक होईल, गवत कापायच्या यंत्रालाही चालणार नाही."

"ते नेव्हिलनं भरलंय."

"ठाऊक आहे मला. नळी मीच धरली होती." त्यानं पंपाकडं हनुवटीनं दाखवलं. "मी म्हटलं, काय हो नेव्हिल, शेवटी आलात ना माझ्या दारात? तर म्हणाले, तोंड मिटून भर. मेहुणीकडं पांचट चहा प्यायला चाललोय. नळी खटकन बंद झाली तरी म्हणाले, अजून थोडं मावतंय का बघ. येताना कुठं थांबायला लागू नये, ग्लेनिसला मधे थांबलेलं आवडत नाही."

ग्लेनिस गाडीच्या दाराकडं वळली.

"ते ठेवायला नव्हतं भरलेलं, आंटी."

"तुला कुणी विचारलं का रे?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की आतल्या खोलीतलं हेमीचं कुत्रं बाहेर येऊन बघून गेलं. "तुला गाडी दाखवायला आणली होती, मला शिकवायला नाही!"

"हो, आंटी."

ती गाडीत बसली. मिचिको बोलली. हेमी खिडकीशी वाकला होता, फोन त्याच्या हातातच होता, आणि त्यानं सवयीनं तेही वाचलं.

"ही रोज हेच म्हणते का?"

"रोज. काय म्हणते?"

हेमीला सांगावं की नाही कळेना. "म्हणते, टोलचं कार्ड घातलेलं नाही."

ग्लेनिस त्याच्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आलं, इतक्या महिन्यांत आलं नव्हतं असं, आणि हसता हसता कधी रडू लागली ते दोघांनाही नीट कळलं नाही. चार वर्षं तो वेडा माणूस रोज सकाळी टोलच्या कार्डाला राणी म्हणत होता. हेमी फडकं पुढं करणार होता, पण त्याला तेल लागलेलं होतं. घरी जाईपर्यंत इंजिन चालू होतं, आणि तिनं ते चालू दिलं.

संध्याकाळी तिनं आपणहून शोनाला फोन केला. "शनिवारी येते."

"कुणाबरोबर?"

"गाडीनं."

"एकटी चालवत? तू?" शोना म्हणाली. "ग्लेनिस, तू आहेस ना ही?"

शनिवारी उजाडल्यावर ती निघाली. ब्लँकेट मागच्या सीटवर टाकलं, गरम पाण्याची पिशवी घरीच ठेवली. मिचिकोनं कार्डाबद्दल सांगितलं, ग्लेनिसनं तिला नेहमीचं उत्तर दिलं, आणि इंजिन आपणहून सुरू झालं. फाटकापाशी तिनं हीटरच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि तिथंच थांबली. नेव्हिलला निरोप द्यायचे सगळे विधी तिनं केले होते, पाद्री होता, फुलं होती, मर्लचं गाणं होतं. खरा निरोप हा होता, आणि इथं कुणीच नव्हतं. तिनं खटका दाबला.

आधी गार वाराच आला. इंजिन तापल्याशिवाय ऊब नाही, हेही त्याच्याच भाषणात होतं. चाटो क्रीक मागं पडता पडता वारा कोमट झाला, आणि त्याबरोबर वास आला. आमच्या डोंगरांवर थाइम, ओव्यासारख्या वासाचं ते खुजं झुडूप, रानोमाळ माजतं. नेव्हिल उन्हाळाभर सगळ्या काचा खाली सोडून हिंडायचा, आणि त्या झुडपांची वाळकी धूळ हीटरच्या जाळ्यांतून आत जाऊन बसलेली. ती आता तापली. थाइमचा वास, धुळीचा वास, आणि थोडासा तो स्वतःही असावा. ऊब तिच्या पायांवर आली, मग गुडघ्यांवर, मग टोपीखालून कानांवर. सबंध हिवाळाभर ती गारठली होती, आणि तिला ऊब द्यायची सोय तो करून गेला होता. ती त्याच्यावर पहारा देत बसली होती.

तिनं गाडी कडेला घेतली आणि हुंदके देऊन रडली. "शनिवारी म्हणाला होतास," ती म्हणाली. "शनिवारी निघू म्हणाला होतास ना रे." समोरून मेंढ्यांचा ट्रक आला. ड्रायव्हरनं वेग कमी करून तिच्याकडं नीट पाहिलं आणि बोट उचललं. तिनंही बोट उचललं. काच स्वच्छ होती, त्याला तिचं तोंड दिसलं असणार.

अलेक्झांड्रा मागं पडलं आणि बॅटरीचं जेवण संपलं. दहा महिने जिथं तिचं जग संपत होतं तिथून पुढं नुसतं पेट्रोल. रॉक्सबरो गेलं, नदी सुटली, गोर आलं. गाडी एकसारखी घुमत होती. तिला रस्ता ओळखीचा वाटत नव्हता. बसमधून तो बाजूनं दिसायचा, समोरून नाही. इन्व्हरकार्गिलनंतर जमीन सपाट झाली, झाडं सगळी वाऱ्यानं एका अंगाला वाकलेली, आणि मग राखी रंगाचा समुद्र. शोनाच्या दारात गाडी थांबली तेव्हा काटा निम्म्याच्या किंचित वर होता. परतीचं अजून टाकीत होतं. त्याचा हिशोब बरोबर होता.

शोना काठी टेकत दारात आली. ती ग्लेनिसच्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी पाहत होती.

"कोण? ग्लेनिस का? मला वाटलं कुणी सामान घेऊन आलं. तुझी गाडी तर आवाज करत नाही म्हणे."

"आज करते."

शोनानं हात पुढं केला आणि चाचपून तिचा हात धरला. "अगं, ऊन ऊन आहेत की तुझे हात. इकडं ये. तोंड उजेडाकडं कर."

ग्लेनिसनं टोपी काढून तोंड उजेडाकडं केलं. शोनानं मान तिरकी केली, कोंबडी दाणा बघते तशी, मग दुसऱ्या बाजूनं तिरकी केली. बराच वेळ ती बघत राहिली.

"कान दिसतात," ती म्हणाली. "केस दिसतात. पार पांढरी झालीस की गं." थोडं थांबून म्हणाली, "मधलं नाही दिसत. मे महिन्यात दिसलं असतं."

"उशीर केला मी, शोना." ग्लेनिस म्हणाली. भरून निघण्यासारखं नव्हतंच ते, आणि दोघींना ते कळत होतं.

शोनानं तिच्या तोंडावरून बोटं फिरवली, कपाळ, नाक, ओले गाल. मधलं जे दिसत नव्हतं तेवढंच. "रस्ता लांबचा आहे," ती म्हणाली. "आलीस कशी एवढ्या लांब?"

"नेव्हिलनं आणलं."

शोनानं गाडीकडं, म्हणजे गाडीच्या जरा डावीकडं, तोंड वळवलं. ग्लेनिस गाडी बंद करायला विसरली होती. हीटर चालू होता, इंजिनही. वारा थांबला की आवाज नीट ऐकू येत होता. दोघी तो ऐकत उभ्या राहिल्या.

"मग त्याला म्हणावं चहा टाकते," शोना म्हणाली. "तो म्हणतो तसा पांचटच होईल."